त्याला पुढे जाऊ दे

७ सप्टेंबर २०२५. इटलीत मोन्झाला फॉर्म्युला वनची रेस चालू होती आणि संपायला फार लॅप उरले नव्हते. सगळ्यात पुढे रेड बुलचा मॅक्स व्हर्स्टॅपन. तो आता कुणाच्या हाताला लागत नाही हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. त्याच्या मागे मॅक्लारेनच्या दोन नारिंगी गाड्या, दुसरा लँडो नॉरिस आणि तिसरा ऑस्कर पियास्त्री. दोघं एकाच टीमचे. आणि त्या वर्षीच्या चॅम्पियनशिपसाठी तोवर एकमेकांचे सगळ्यात मोठे प्रतिस्पर्धीही हेच दोघं. एकूण पॉइंट्समध्ये पियास्त्री पुढे होता.

ज्यांनी रेस कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगतो. टायर बदलायला कोण आधी थांबणार, हा या खेळातला मोठा डाव असतो. जो आधी थांबतो त्याला ताजे टायर आधी मिळतात, तो लगेच एक-दोन लॅप जोरात मारतो आणि जुन्या टायरवर फिरणारा पुढचा गडी थांबून बाहेर येईपर्यंत त्याच्या पुढे निघून गेलेला असतो. याला अंडरकट म्हणतात. म्हणून एकाच टीमच्या दोन गाड्या मागेपुढे असतील तर पुढच्याला आधी थांबायचा मान असतो. मोन्झात मात्र पियास्त्रीच्या मागे फेरारीचा लक्लेर होता. त्याच्यापासून पियास्त्रीची जागा वाचवायची म्हणून टीमनं मागच्याला आधी बोलवायचं ठरवलं. नॉरिसला विचारलं. तो तयार झाला, पण अट घालून: यात माझा अंडरकट होणार नसेल तरच. टीम म्हणाली, होणार नाही.

पियास्त्री थांबला, दोनेक सेकंदांत चारही चाकं बदलून बाहेर पडला. पुढच्या लॅपला नॉरिस थांबला आणि एका चाकाची गन अडकली. सहा सेकंदांच्या आसपास गेले. बाहेर येतो तर पियास्त्री पुढे.

मग रेडिओवर पियास्त्रीला सांगण्यात आलं, त्याला पुढे जाऊ दे. पियास्त्रीचं उत्तर मला फार आवडलं होतं, कारण त्यात आरडाओरडा नव्हता. त्याचा मुद्दा एवढाच होता की पिट स्टॉपला उशीर होणं हा रेसिंगचाच भाग आहे असं आपलं ठरलेलं आहे, मग आता नवीन काय घडलं ते मला कळत नाही. पण तुम्हाला हवंच असेल तर करतो. आणि त्यानं केलं. नॉरिस दुसरा, पियास्त्री तिसरा.

दुसऱ्याला १८ पॉइंट असतात, तिसऱ्याला १५. फरक ३ चा. डिसेंबरमध्ये अबू धाबीला सीझन संपला तेव्हा नॉरिसचे ४२३ पॉइंट झाले, व्हर्स्टॅपनचे ४२१ आणि पियास्त्रीचे ४१०. मोन्झाचे ते ३ काढून बघा. ४२०. म्हणजे बाकी सगळं जसंच्या तसं धरलं तर जगज्जेता वेगळाच माणूस झाला असता. अर्थात बाकी सगळं जसंच्या तसं कधीच राहत नाही. पियास्त्रीनं तेव्हा जागा दिली नसती तर पुढच्या आठ रेसमध्ये दोघंही वेगळेच चालवले असते, टीमनं वेगळेच निर्णय घेतले असते. त्यामुळे ‘पियास्त्रीनं नॉरिसला वर्ल्ड चॅम्पियन केलं’ असं म्हणणं म्हणजे गणिताला जास्तच ताणणं होईल. पण आकडा डोक्यातून जात नाही हेही खरं.

आता यातली गंमत बघा. फॉर्म्युला वनमध्ये दोन स्पर्धा एकाच वेळी चालू असतात, एक ड्रायव्हर्सची आणि एक टीम्सची. बक्षिसाचे पैसे टीमच्या क्रमांकावर ठरतात. मॅक्लारेनच्या हिशोबात नॉरिस दुसरा आणि पियास्त्री तिसरा काय, किंवा उलट काय, बेरीज ३३ च. जागा अदलाबदल करून टीमला एक पॉइंटही जास्त मिळणार नव्हता. मग त्यांनी हे का केलं? त्यांचं उत्तर होतं, न्याय म्हणून. दोघांना सारखं वागवायचं म्हणून.

इथे मला अडायला होतं. फायद्यासाठी टीमनं एखाद्याला मागे सारलं तर राग येतो, पण ते समजतं तरी. न्यायासाठी सारलं, तर रागही धड येत नाही.

टीमच्या बाजूनं जे सगळ्यात भक्कम बोलता येईल ते आधी बोलतो. टीम प्रमुख आंद्रेया स्टेला यांचं रेसनंतरचं म्हणणं होतं की प्रश्न फक्त अडकलेल्या गनचा नव्हता, थांबण्याचा क्रम उलटा केला होता, आणि तो नॉरिसच्या संमतीनं केला होता. हे खरं आहे. नॉरिसनं आपला हक्क सोडला होता, अटीवर. अट मोडली तर सोडलेलं परत मिळायला पाहिजे. अगदी सरळ व्यवहार आहे.

पण आम्ही सॉफ्टवेअरवाले लोक. काही बिघडलं की पहिला प्रश्न, नेमकं कशामुळे बिघडलं? नॉरिसची जागा अंडरकटमुळे गेली की गनमुळे? गन अडकली नसती तर तो पुढेच राहिला असता, असंच दिसतं. म्हणजे ज्या गोष्टीविरुद्ध त्याला शब्द दिला होता ती घडलीच नाही, दुसरीच घडली. आणि त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल दोघांनाही आधीच सांगितलेलं होतं की ते नशीब समजायचं. टीमनं दोन शब्द दिले होते, एक नॉरिसला त्या दिवशी, एक दोघांना आधी. अडचणीच्या वेळी दोन्ही शब्द एकमेकांवर आदळले. आणि त्याची किंमत कुणी दिली? ज्यानं शब्दही दिला नव्हता आणि ज्याची गनही अडकली नव्हती, त्या तिसऱ्यानं.

चूक टीमची, पश्चात्ताप टीमचा, आणि भरपाई पियास्त्रीच्या खिशातून. याला सारखं वागवणं म्हणायचं का?

बरं, पियास्त्रीनं नंतर स्वतःच सांगितलं की मागणी रास्त होती, नॉरिस पूर्ण रेस पुढे होता आणि स्वतःच्या चुकीशिवाय मागे पडला होता. काही जणांसाठी विषय इथेच संपला. ज्याचं गेलं त्याची तक्रार नाही, तर तुमची काय? पण ज्याचा पगार, गाडी आणि पुढच्या वर्षीची सीट ज्यांच्या हातात आहे, त्यांच्याबद्दल तो मायक्रोफोनसमोर दुसरं काय म्हणणार होता? कदाचित तो मनापासून बोलला असेल. कदाचित नसेल. त्रास हाच आहे की बाहेरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं. आणि काही काळानं आतूनही सारखंच दिसायला लागत असावं.

या खेळाला हा प्रश्न नवा नाही. १२ मे २००२ ला ऑस्ट्रियात फेरारीचा रुबेन्स बॅरिकेलो पहिल्यापासून पुढे होता. त्याला शेवटच्या लॅपला सांगितलं गेलं, मायकल शूमाकरला जाऊ दे. त्यानं फिनिश लाइनच्या काही मीटर अलीकडे गाडी हळू केली. स्टँडमधून इतकी हुर्यो उडाली की शूमाकरनं पोडियमवर बॅरिकेलोला स्वतःच्या जागी, पहिल्या पायरीवर उभं केलं. त्या पोडियमच्या गोंधळाबद्दल दंड झाला आणि पुढच्या वर्षीपासून असे टीमचे हुकूम नियमानंच बंद झाले. बंद झाले म्हणजे काय, तर सांकेतिक भाषेत सुरू झाले. २०१० ला जर्मनीत फेलिपे मासा पुढे होता. बरोबर वर्षापूर्वी, त्याच तारखेला, त्याच्या डोक्याला जीवघेणा मार लागला होता, आणि त्यातून उठून तो रेस जिंकायला आला होता. रेडिओवर त्याला एक माहिती देण्यात आली: फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगवान आहे. आणि वर विचारलं, कळलं ना? त्याला कळलं. फेरारीला १ लाख डॉलर दंड बसला, आणि २०११ पासून ती बंदीच काढून टाकली. जे बंद करता येत नाही ते उघड होऊ दे, असा विचार. मला तो विचार योग्य वाटतो. हुकूमापेक्षा हुकूम नसल्याचं नाटक जास्त घाणेरडं असतं.

आणि हुकूम नसले की काय होतं, त्याचं उदाहरण खुद्द मॅक्लारेनच्याच घरात आहे. २००७ साली अलोन्सो आणि हॅमिल्टन एकमेकांशी असे भांडले की वर्षअखेरीला दोघांचे पॉइंट सारखे, १०९ आणि १०९. चॅम्पियन झाला फेरारीचा रायकोनन, ११० वर. म्हणून कुठलाही टीम प्रमुख ‘पोरांना मोकळं सोडा’ म्हणताना मनात दचकत असणार.

आता जरा गावाकडं येतो, कारण हे सगळं वाचताना माझ्या डोक्यात फेरारी कमी आणि वडगाव जास्त होतं. कोल्हापूरला मोटर रेसिंग परकं नाही. इथे गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, इथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन आलाय. पण मी त्याबद्दल बोलत नाही. पुण्याहून येताना हायवे सोडून वाठारला आत वळलं की पेठ वडगाव. बाहेरच्यांना ते जनावरांच्या बाजारासाठी माहीत असतं. याच वडगावात सरसेनापती धनाजी जाधव यांची समाधी आहे. १७०८ साली त्यांचं इथेच निधन झालं. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव कधी एकटं येत नाही. संताजी-धनाजी. एका दमात. पाण्यात ज्यांचं प्रतिबिंब दिसून मोगलांची घोडी पाणी प्यायची नाहीत म्हणतात, ते दोघं. आमच्या शिक्षकांनी ही गोष्ट सांगितली की वर्गातल्या पोरांची छाती फुगायची, कारण जोडीतला एक आपल्या गावात.

जोडीतल्या दुसऱ्याचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी सांगायचं नाही. मला ते कॉलेजात कळलं.

१६८९ मध्ये संभाजी महाराज गेले, राजाराम महाराज दूर तमिळ मुलखात जिंजीच्या किल्ल्यावर गेले, आणि मोगलांशी झुंज चालू ठेवायचा मोठा भार या दोन सरदारांवर आला. रेसिंगच्या भाषेत सांगायचं तर ही दोन गाड्यांची टीम होती आणि तिची स्ट्रॅटेजी अफाट होती. १६९२ च्या डिसेंबरात जिंजीला मोगलांचा वेढा पडलेला असताना हे दोघं वेगवेगळ्या वाटांनी तिथे उतरले. संताजींनी कावेरीपाकजवळ अलीमर्दानखानाला पकडलं, धनाजींनी वेढ्यावर हल्ला करून इस्माईलखान मका याला पकडलं. एकानं बाहेरून येणारी मदत तोडायची, दुसऱ्यानं आत घुसायचं. एका गाडीनं हे जमलं नसतं.

पण सेनापतिपद एकच होतं. ते संताजींकडे होतं, आणि लढाईच्या कामगिरीवर ते त्यांचंच होतं याबद्दल फारसा वाद नसावा. १६९५ च्या अखेरीला दोड्डेरीला कासिमखान आणि लगेच पुढच्या जानेवारीत हिंमतखान, असे दोन मोठे मोगल सरदार त्यांनी संपवले. स्वभाव मात्र कडक, शिस्त जीवघेणी, बोलणं फटकळ. राजाराम महाराजांशीही त्यांचं बिनसायचं. धनाजी माणसं सांभाळून घेणारे. दरबारात कुणाचं वजन वाढणार हे सांगायला ज्योतिषी नको. पद एकदा संताजींकडून काढलं, मग परत दिलं, मग परत काढलं. १६९६ मध्ये आयेवारकुट्टीजवळ या दोघांच्या फौजा आपापसात लढल्या, म्हणजे एकाच टीमच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या. संताजी जिंकले आणि धनाजींच्या बाजूनं लढलेल्या अमृतराव निंबाळकरांना त्यांनी हत्तीच्या पायी दिलं. पुढच्या वर्षी सेनापतिपद धनाजींकडे होतं आणि संताजींचे स्वतःचे लोक त्यांना सोडून जात होते. १६९७ च्या जूनमध्ये म्हसवडच्या नागोजी माने यांनी एकट्या पडलेल्या संताजींना मारलं. अमृतराव हे नागोजींचे मेहुणे. संताजींचं डोकं औरंगजेबाकडे पोचलं. जो माणूस मोगलांना वर्षानुवर्षं सापडला नाही, तो असा आयता मिळाला.

आमच्याकडं या गोष्टीवर बोलणं निघालं की लोक लगेच बाजू घेतात. संताजी गर्विष्ठ होते किंवा धनाजी आतल्या गाठीचे होते. मला दोन्ही पटत नाही. म्हणजे दोन्हीत थोडं तथ्य असेलही, पण प्रश्न स्वभावांचा कमी होता. ज्या पदासाठी दोन माणसं लायक आहेत, ते पद कशावर मिळतं आणि कशावर जातं हे कुणालाच माहीत नसेल, तर शहाण्यातला शहाणा माणूसही शेजाऱ्याकडे वाकड्या नजरेनं बघायला लागतो. संताजींना काय कळलं असेल? की लढाया जिंकून पद टिकत नाही. धनाजींना काय कळलं असेल? की थांबलं तर पद आपल्याकडे येऊ शकतं. हे शिकवणारा दरबार होता.

लगेच हेही म्हणायला हवं की वेढ्यात अडकलेल्या राजाला हे एसीत बसून सांगणं सोपं आहे. राजाराम महाराज विशीतले. राजधानी नाही, तिजोरी नाही, आणि सरदार कधी बाजू बदलतील सांगता येत नाही. तिथे कुणाला नाराज करणं परवडणार होतं? कुणालाच नाही. म्हणून थोडं याला, थोडं त्याला. मला वाटतं बहुतेक टीम्स अशाच चालतात. ‘दोघंही आम्हाला सारखेच’ हे वाक्य पुष्कळदा प्रेमातून येत नाही. निर्णय घ्यायची ताकद नसते, म्हणून येतं. आणि निर्णय टाळला की तो नाहीसा होत नाही. तो खाली घरंगळत जातो आणि त्या दोघांच्या मधे येऊन पडतो.

आमच्या भागातल्या घरांमध्ये तो किती वेळा पडलेला पाहिलाय. दोन भाऊ, दीड-दोन एकर ऊस, आणि इंजिनीअरिंगची फी एकाचीच भरता येईल अशी परिस्थिती. माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांच्या घरी हे असंच होतं. थोरल्याला सांगितलं जातं, तू शेत बघ, त्याला पुढे जाऊ दे. अगदी हेच शब्द. थोरला बारावीला धाकट्यापेक्षा हुशारही असतो कधीकधी. तो जातो रानात, रात्री लाइट येईल तेव्हा मोटर चालू करायला. कारखान्याचं बिल आलं की धाकट्याच्या फीला जातं. धाकटा पुण्याला लागतो. आईवडील खरंच मनापासून म्हणत असतात की आम्हाला दोघं सारखेच. घरासाठी केलंस, असं थोरल्याला सांगतात. पंधरा वर्षांनी वाटणीची गोष्ट निघते तेव्हा कळतं की त्या जागा सोडण्याची कुठे नोंदच नाही. सातबारावर दोघांचा हिस्सा सारखा. थोरला म्हणतो, माझी पंधरा वर्षं? धाकटा म्हणतो, मी कुठं मागितली होती? आणि दोघंही खरं बोलत असतात. धाकट्यानं मागितली नव्हतीच. मागितली होती घरानं, आणि घर म्हणजे कोण, हे त्या क्षणी कुणालाच सांगता येत नाही. वडील बाजेवर गप्प बसलेले असतात. घरात बहीण असेल, तर तिनं काय सोडलं हा प्रश्न तर वाटणीपर्यंत पोचतसुद्धा नाही. हक्कसोडपत्रावर सही करायला तिला माहेरी बोलावतात, तेवढंच.

ऑफिसात हेच जरा गुळगुळीत भाषेत होतं. माझ्या आधीच्या कंपनीत एका सहकारी मुलीनं सात महिने एक मॉड्यूल बांधलं. डेमोच्या आधी तिला सांगण्यात आलं की डेमो दुसरा सहकारी देईल, कारण क्लायंट त्याला ओळखतो. कारण खोटं नव्हतं. तिनं नोट्स काढून दिल्या, त्याच्याबरोबर दोन रात्री बसली. तोही भला माणूस, डेमोत तिचं नाव घेतलं त्यानं. वर्षअखेरीला बेल कर्व्ह. चौदा जणांच्या टीममध्ये वरचं रेटिंग दोघांनाच देता येणार होतं. त्याला मिळालं. तिला मधलं मिळालं आणि शेऱ्यात लिहिलं होतं की ती उत्तम टीम प्लेअर आहे. मॅनेजरनं हे कौतुक म्हणूनच लिहिलं होतं, यात मला शंका नाही. वर्षभर ‘आपण एक टीम’ म्हणायचं आणि मार्चमध्ये त्याच टीमला एका ओळीत उंचीप्रमाणे उभं करायचं, हे दोन्ही करणाऱ्या माणसाला त्यात काही विसंगत वाटत नाही. मॅक्लारेनला दोन स्पर्धा आहेत हे निदान सगळ्या जगाला माहीत असतं.

मग टीमनं कधी कुणाला काही सोडायला सांगूच नये का? तसं मला म्हणायचं नाही. शेत कुणीतरी बघायला लागतंच. डेमो कुणीतरी एकानंच द्यायचा असतो. पण सांगणाऱ्यानं तीन गोष्टी तरी कराव्यात असं वाटतं. आधी सांगावं, निदान ज्याचं जाणार आहे त्याला ‘नाही’ म्हणायला वेळ राहील इतकं आधी. हे आपण मागतोय, आपल्या फायद्यासाठी किंवा आपली चूक निस्तरायला मागतोय, हे स्वतःच्या तोंडानं मान्य करावं. त्याला न्यायाचं नाव देऊन देणाऱ्याचा रागावण्याचा हक्कही काढून घेऊ नये. आणि कुठंतरी लिहून ठेवावं. मोन्झात मॅक्लारेननं नॉरिसची माफी मागायला हवी होती आणि पियास्त्रीला दुसरा राहू द्यायला हवं होतं, असं माझं मत आहे. नॉरिसवर अन्याय झाला असता का? थोडा झाला असता. पण तो ज्यानं केला त्याच्याच नावावर राहिला असता.

कधीकधी तर टीमनं बाजूला व्हावं हेच चांगलं. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, दोघं काका पवारांच्या एकाच तालमीतले. एकाच मातीत रोज एकमेकांना घुमवलेले, एकमेकांचा प्रत्येक डाव माहीत असलेले. वस्तादांना काय, गदा कुठल्याही हातात गेली तरी ती आपल्याच तालमीत येणार, बेरीज तीच. दोघं लढले. अगदी थोडक्यात, ३-२ वर निकाल लागला. जिंकल्यावर सदगीरनं शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं आणि मैदानात मिरवलं. कुस्ती आहे, पाच-सात मिनिटांचा मामला, तिथे अंडरकट नाही, हे सगळं मान्य. तरीही तो खांद्यावर उचलण्याचा प्रकार मला मॅक्लारेनच्या न्यायापेक्षा जास्त बंधुभावाचा वाटतो, कारण हरणाऱ्याकडून त्याआधी काहीच काढून घेतलेलं नव्हतं.

नॉरिस आणि पियास्त्री यांच्यातलाही एक प्रसंग असाच आहे, त्याची चर्चा फार होत नाही. नोव्हेंबर २०२४ च्या सुरुवातीला ब्राझीलच्या साओ पाउलोला स्प्रिंट रेस होती, म्हणजे शनिवारची छोटी रेस. पियास्त्री पुढे होता. नॉरिस तेव्हा चॅम्पियनशिपच्या शर्यतीत होता म्हणून टीमच्या सांगण्यावरून पियास्त्रीनं त्याला पहिली जागा दिली. फरक एका पॉइंटचा. पुढे काही आठवड्यांत व्हर्स्टॅपननं किताब जिंकून विषयच संपवला, आणि महिनाअखेरीला सगळे कतारला आले. तिथेही स्प्रिंट होती. नॉरिस सुरुवातीपासून पुढे, मागे पियास्त्री, त्याच्या मागे अगदी जवळ मर्सिडीजचा रसेल. शेवटच्या लॅपला नॉरिसनं फिनिश लाइनच्या अलीकडे गाडी हळू केली आणि पियास्त्रीला जिंकू दिलं.

एका पॉइंटची गोष्ट होती, किताब आधीच हातातून गेलेला होता, म्हणजे त्याला ते स्वस्तात पडलं असं कुणी म्हणेल आणि त्यात चूक नाही. पण इतक्या जवळ रसेल असताना वेग कमी करणं हा धोका होता, आणि टीमनं रेडिओवर त्याला तसं करू नको असंच सुचवलं होतं. ब्राझीलमध्ये जागा घेतली तेव्हाच हे परत करायचं त्यानं मनाशी ठरवलं होतं, असं तो नंतर म्हणाला.